हिरव्या जाळीची वर्षं

पडेगाव, औरंगाबाद
ऑगस्ट २००२

प्रिय योगू,

तुझे आबा ओसरीत आडवे झालेत आणि मी मशीनवरचं काम बाजूला सारून तुला लिहायला बसलेय. इथं पावसाचं नाव नाही. पंचमी कोरडी गेली. हर्सूलच्या तलावात मधोमध चिखलाला भेगा पडल्यात आणि पोरं तिथं क्रिकेट खेळतात, असं आबा परवा सांगत होते. टँकर येतो, पण कधी येईल ते ड्रायव्हरच्या मनावर. आता पडेगाव तुझ्या लहानपणीचं राहिलं नाही. दौलताबादच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी घरं झालीत, द्वारकाबाईंच्या तुरीच्या शेतावर तीन मजली इमारत आहे. माणसं वाढली, नळ वाढले, पाणी मात्र तेवढंच. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला आराम पडला का? तुझ्या रामची फौज डिसेंबरपासून राजस्थानच्या सरहद्दीवर उभी आहे. लढाई होते म्हणावं तर होत नाही, आणि माणसं घरीही येत नाहीत. ही अशी लांबलेली वाट मला ओळखीची आहे, म्हणून आज थोडं मागचं सांगते.

लहानपणी तू मला सारखं विचारायचीस, आबा लंकेत होते तेव्हा आपण काय करत होतो? मी दरवेळी म्हणायचे, दुष्काळ होता, दिवस काढले. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. तू तेव्हा पाच वर्षांची. तुला काय आठवत असेल? फार तर हिरव्या जाळीचा ढीग आठवत असेल, त्यावर तू झोपायचीस.

आपण तेव्हा गंगापूरकडं गावात राहायचो. तुझे आजोबा मुंजाबा म्हणजे जुन्या चालीचे मेंढके. मेंढरं, काळ्या शेळ्या, दोन कुत्री, एक घोडं, एवढा त्यांचा संसार. घराला दार नसलं तरी चालेल, पण वाघुराला, मेंढरांभोवतीच्या जाळीला, भोक पडलं तर रात्रभर जागतील असा माणूस. लागोपाठ पाऊस फिरला आणि तिसऱ्या वर्षी गोदावरीच्या काठालासुद्धा चारा उरला नाही. शेतकरी पूर्वी वावरात मेंढरं बसवायला बोलवायचे, खताच्या बदल्यात धान्य द्यायचे. आता त्यांच्याच घरात धान्य नव्हतं. जनावरं बोरीच्या काट्यांवर जगायला लागली. कोकरं आईच्या कासेला ढुशा देऊन देऊन दमायची आणि तिथंच बसायची. मामंजी त्यांच्याकडं बघायचे नाहीत, आभाळाकडं बघायचे.

आबा त्या वेळी फौजेच्या रसद खात्यात ड्रायव्हर होते. सिकंदराबादहून त्यांचं कार्ड आलं, आमची तुकडी लंकेला चाललीय, तिथं दोन बाजूंत समेट झालाय, तो सांभाळायचा, दिवाळीपर्यंत परत येऊ. गावात सगळे म्हणाले, एवढासा तो देश, पंधरा दिवसांचं काम. मग दसऱ्याच्या सुमाराला रेडिओवर बातम्या बदलल्या. समेट सांभाळायला गेलेली फौज लढाईत उतरली होती. दिवाळी आली, गेली. त्यानंतरची दिवाळीही गेली. लढाई सुरू कशी झाली हे लोक विसरले, आणि संपायची कधी हे विचारायचंही सोडून दिलं. फक्त ज्यांच्या घरचं माणूस तिथं होतं, ते तेवढे रेडिओजवळ बसायचे.

लढाईच्या पहिल्याच थंडीत गंगापूरच्या बाजारात एक व्यापारी यायला लागला. परका माणूस, तोंडात सतत सुपारी. म्हणायचा, लंकेत फौज वाढलीय, तिथं जंगलात बर्फाची पेटी चालत नाही, म्हणून जिवंत जनावरं आगगाडीनं मद्रासला आणि तिथून जहाजानं पाठवायची. शेळी, बोकड, मेंढा, काय असेल ते घेतो. दुष्काळात विकणारे सगळे आणि घेणारा एकटा, मग भाव कोण ठरवणार? मामंजींनी दोन बाजार नुसते बघण्यात घालवले. तिसऱ्या बाजाराला अर्ध्याहून जास्त कळप हाकत नेला. परत आले तेव्हा हातात काठी होती आणि काठीला काही काम नव्हतं. पारूबाई, तुझी आजी, जेवायला वाढून बसली. ते एवढंच म्हणाले, “जाऊ दे. आपलंच पोर खाईल तिकडं.” पुढं वर्षभरात लढाई लांबली तसे जनावरांचे भाव दुपटीवर गेले. पण तोवर आमच्याकडं विकायला काही उरलं नव्हतं. त्या व्यापाऱ्यानं म्हणे सिडकोत घर बांधलं.

उरलेली मेंढरं घेऊन आजी-आजोबा नगरच्या बाजूला चाऱ्यामागं निघाले. मी तुला घेऊन औरंगाबादला आले ती छावणीत आबांची चौकशी करायला. बरेच दिवस पत्र नव्हतं. छावणीतल्या बाबूंनी सांगितलं, पत्र नाही म्हणजे सगळं ठीक, वाईट बातमी लवकर पोचते. असं बोलून त्यांनी मला पाणी पाजलं. परतताना पडेगावच्या रस्त्याला तू उन्हानं रडायला लागलीस म्हणून मी एका पत्र्याच्या शेडच्या सावलीला थांबले. आतून मशिनींचा आवाज येत होता. एक ठसठशीत बाई बाहेर आली, तुला गुळाचा खडा दिला आणि मला विचारलं, शिवता येतं का? मी म्हटलं, घोंगडीच्या कडा शिवते. ती म्हणाली, मग मच्छरदाणी म्हणजे काय, वारा शिवायचा. त्या द्वारकाबाई.

द्वारकाबाई आणि सांडूभाऊ हे मातब्बर शेतकरी. पण विहीर आटली तेव्हा मातब्बरी घेऊन काय करायचं? सांडूभाऊंनी रस्त्याकडच्या वावरात शेड टाकलं आणि शहरातल्या एका ठेकेदाराकडून फौजेच्या शिलाईचं काम घेतलं. लंकेच्या जंगलात डासांनी फौज आजारी पडत होती, म्हणून हिरव्या मच्छरदाण्या. रस्त्यावर चौक्या उभ्या राहत होत्या, म्हणून वाळूच्या थैल्या. एवढं काम यायचं की शहागंजच्या बाजारातून हिरवं सूत दिसेनासं झालं, शिंपी लोक लग्नाच्या ब्लाउजला धागा नाही म्हणून कुरकुर करायचे. तिकडं माणसं झिजत होती आणि इकडं एका बाजूला कळप संपत होते, दुसऱ्या बाजूला शेड वाढत होतं. हे सगळं एकाच लढाईचं आहे, हे मला त्या वेळी कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की इथं काम आहे, राहायला मागची खोली आहे, आणि छावणी हाकेच्या अंतरावर आहे.

पहिल्या आठवड्यात सुई माझ्या बोटातून आरपार गेली. द्वारकाबाईंनी हळद लावली आणि म्हणाल्या, आता मशीन तुला ओळखायला लागली. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पुढं माझी शिवण इतकी सरळ जायला लागली की सांडूभाऊ माझीच मच्छरदाणी तपासनिसापुढं वर ठेवायचे. तपासनीस साहेब महिन्याला यायचे, जाळी उन्हात धरून बघायचे, एक टाका सुटलेला दिसला तरी अख्खा गठ्ठा परत. आम्हाला राग यायचा. मग मी बायांना म्हणायचे, या भोकातून डास जाईल आणि तो कोणाला चावेल ते आठवा. त्यानंतर फक्त मशिनी चालायच्या.

आबांना पत्र लिहायचं तर मी सुरुवातीला दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. शाळा माझी तिसरीतच सुटलेली. पण दुसऱ्याच्या हातानं नवऱ्याला काय लिहिणार? खुशाल आहे, खुशाली कळवा, आणि पोरीचा पापा, एवढ्यावर पत्र संपायचं. द्वारकाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी दुपारच्या सुट्टीत खडूनं पत्र्यावर अक्षरं काढून मला पुन्हा लिहायला शिकवलं. तू माझ्याशेजारी बसून ‘अ’ गिरवायचीस आणि माझ्या आधी तुझा व्हायचा. माझ्या हातचं पहिलं पत्र गेलं तेव्हा पोस्टाच्या पेटीपाशी मी उगाच थोडा वेळ उभी राहिले.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. योगू, मी त्या दिवसांत सुखात होते.

असं लिहिताना आजही हात थबकतो. पण खरं तेच आहे. सकाळी उठून केस विंचरायचे, तुला बालवाडीत सोडायचं, आणि आपल्या जागेवर, आपल्या मशीनवर जाऊन बसायचं. बायका सगळ्या तऱ्हेच्या. कोणी दुष्काळानं आलेली, कोणी नवऱ्याला वाळूजच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आलेली. दिवसभर गाणी, चेष्टा, एकीच्या भाकरीवर दुसरीचा ठेचा. लग्न झाल्यापासून मी कळपामागं चालले होते. पाल ठोकायचं, पाल उचलायचं. तुला काय आवडतं असं मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. शेडमधल्या पहिल्या दिवाळीला मी एकटी सिटी बसनं गुलमंडीला गेले. दुकानदारानं विचारलं, ताई, कोणता रंग? मला सांगता येईना. मी बराच वेळ बसून राहिले आणि मग मोरपंखी साडी घेतली. ती नेसून शेडमध्ये गेले तेव्हा बायांनी मशिनी थांबवून माझ्याभोवती फुगडी घातली.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी आबांना पत्र लिहिलं, त्यात काय लिहिलं? विहिरी आटल्यात, मामंजी थकलेत, पोरीला खोकला आहे. साडीचं एक अक्षर नाही. नवरा तिकडं मरणाच्या दारात उभा आणि बायको इकडं मोरपंखी नेसून फुगडी खेळते, हे लिहायचं कसं?

आवडाबाई तुला आठवते का? उंच, काळीसावळी, माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. तिचे मालक सर्जेराव लंकेतच, पायदळात होते. आम्हा दोघींचं दुःख एकच म्हणून आमचं जमलं, आणि खरं सांगायचं तर आमचं हसणंही एकच होतं. आवडाबाई सांडूभाऊंच्या चालण्याची नक्कल करायला लागली की द्वारकाबाईसुद्धा पदर तोंडात धरायच्या. एका दुपारी ती तशीच नक्कल करत होती, सगळं शेड हसत होतं, आणि दारात छावणीतला एक जवान आणि एक साहेब येऊन उभे राहिले. साहेबांनी टोपी काढली. आम्ही दोघी एकदमच उभ्या राहिलो. कोणाचं नाव घेतात, एवढ्या क्षणात मी काय मागितलं देवाकडं, ते मी कोणालाही सांगणार नाही. साहेबांनी आवडाबाईचं नाव घेतलं. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगानं सर्जेरावांची गाडी उडाली होती.

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं. शेडमध्ये मान खाली घालून शिवायचे. कोणी गाणं म्हणायला लागलं की मला राग यायचा. मोरपंखी साडी पेटीच्या तळाशी घातली. सगळं उरकून आवडाबाई परत कामाला आली, तेव्हा मी तिच्याकडं बघूसुद्धा शकत नव्हते. ती काही दिवस नुसतं शिवत राहिली. मग एकदा दुपारी धागा ओवताना थांबली आणि म्हणाली, “राजे, माझ्यासाठी तोंड शिवून घेतलंस व्हय? नको गं. माझं घर लई गप झालंय. इथं तरी मला हसणं ऐकू दे.”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पलीकडची दगडाबाई उठली आणि तिनंच सांडूभाऊंची नक्कल करायला घेतली. अगदी वाईट जमली तिला. आवडाबाई म्हणाली, असं नाय, पाय असा टाकायचा, आणि उठून दाखवायला लागली. ते बघून हसावं की रडावं कोणाला कळेना, पण आम्ही हसलो.

मार्च नव्वदमध्ये फौज परत आली आणि नंतर थोड्या दिवसांनी आबा सुट्टीवर आले. ते स्टेशनवर उतरले तेव्हा तू त्यांना ओळखलं नाहीस, माझ्यामागं लपलीस. हिवतापानं गाल बसलेले, डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं. घरात त्यांना झोप लागायची नाही, अंगणात बाज टाकायचे. रस्त्यावर कुठं डबा, पोतं पडलेलं दिसलं की लांबून वळसा घालायचे. आणि इकडं लढाई संपली तसं शेडही संपलं. मच्छरदाण्यांचं काम बंद झालं, मशिनी विकायला निघाल्या. त्यातली एक द्वारकाबाईंनी मला दिली, तिच्यावरच मी अजून शाळेचे गणवेश शिवते. त्या उन्हाळ्यात शेडमधल्या बायांना रडावं की आनंद मानावा कळत नव्हतं. लढाई थांबावी म्हणून आम्हीच तर नवस बोललो होतो.

आबा काही सांगत नव्हते. मीही विचारत नव्हते. पुढं एकदा मामंजी त्यांच्या दोन शेळ्या घेऊन आपल्याकडं आले. आबा सकाळी एका शेळीची धार काढायला बसले आणि धार काढता काढता, माझ्याकडं न बघता, बोलायला लागले.

त्रिंकोमालीच्या बंदरात जनावरांचं जहाज यायचं. मेंढक्याचं पोर म्हणून त्यांना तिकडचं काम दिलं होतं. उतरवायचं, मोजायचं, चारायचं, आणि मग चौक्याचौक्यांना पोचवायचं. त्या कळपात आपल्या भागातल्या काळ्या शेळ्या दिसल्या की ते प्रत्येकीचा कान धरून बघायचे. आपल्या कळपाची कानाची खूण असायची ना, ती. एकदाही सापडली नाही. पण बघायचं त्यांनी सोडलं नाही. व्यापाऱ्यानं बोकडांच्या नावाखाली गाभण शेळ्याही घुसडलेल्या. त्यातली एक तिथल्या छावणीत आल्यावर व्याली. आबांनी सुभेदारसाहेबांना सांगितलं, ही कापू नका. साहेब म्हणाले, व्यालेली शेळी रेशनमध्ये मोजता येत नाही, माझ्या डोळ्यांसमोर येऊ देऊ नकोस म्हणजे झालं.

छावणीला लागून एका दुकानदाराचं घर होतं. लढाईआधी त्याचा सुक्या मासळीचा आणि कांद्याचा चांगला धंदा. मग समुद्रात होड्या न्यायला बंदी, रस्ते बंद, ट्रक बंद. दुकानाच्या फळ्यांवर काड्यापेट्या तेवढ्या उरलेल्या. घरात सून बाळंतीण, तिला दूध नाही, आणि डब्याच्या दुधाची पावडर गावात मिळत नव्हती. म्हातारा दुकानदार एकदा आबांच्या गाडीसमोर आला, शेळीकडं बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी बाळ जोजवल्यासारखं केलं. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण यात न कळण्यासारखं काय होतं?

फौजेकडून काही घेतलं असं दिसलं तर फौजेशी लढणारी बंदूकवाली पोरं त्या घराला सोडणार नव्हती. आणि गावात दूध वाटतो असं दिसलं तर आबांनाही जाब द्यावा लागला असता. म्हणून घराच्या मागच्या भिंतीवर एक ॲल्युमिनियमचं भांडं पहाटे ठेवलेलं असायचं. आबा त्यात दूध ओतायचे आणि निघून यायचे. महिनोन्‌महिने कोणी कोणाशी बोललं नाही. कधी भांड्याशेजारी शेवग्याच्या चार शेंगा ठेवलेल्या असायच्या. मग एकदा ताफ्यातली आबांच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली. आबांचा कान गेला तो तेव्हा. पुढच्या गाडीतलं कोणी उरलं नाही. त्यानंतर गावात झडत्या झाल्या, माणसांना उन्हात रांगेत बसवलं, त्यात तो म्हाताराही होता. आबा मलमपट्टी करून परतले तर भिंतीवर भांडं नव्हतं. त्यांचंही मन फिरलं होतं. त्यांनी दोन-तीन दिवस दूध जमिनीवर सांडून दिलं. मग एका पहाटे भांडं पुन्हा दिसलं. आबा म्हणाले, मी बराच वेळ उभा राहिलो, मला पुढच्या गाडीतले चेहरे दिसत होते. मग आतून बाळ रडलं आणि मी दूध ओतलं.

फौज निघाली त्या दिवशी रस्त्याला माणूस नव्हतं. दारं-खिडक्या बंद. आबांनी शेळी आणि करडू त्या दुकानदाराच्या मागच्या अंगणात बांधून ठेवलं होतं. गाडी त्या घरावरून गेली तेव्हा ती सून पोर कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं हात हलवला नाही, पण ती आतही गेली नाही. पुढं त्या घराचं काय झालं, देव जाणे.

एवढं सांगून आबा थांबले. दुधाचं भांडं बाजूला ठेवलं आणि खाली बघत म्हणाले, “राजे, तुला राग येईल. मला त्या पहाटे लई बरं वाटायचं. तुम्ही इकडं दुष्काळात, सर्जा गेला, अन् मी तिकडं धार काढताना गाणं म्हणायचो. तुला ते कधी लिहू शकलो नाय.”

मग मीही सांगितलं. शेड, हसणं, गुलमंडी, सगळं. ते ऐकून ते उठले आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, चुकलंच माझं, परत आलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं. संध्याकाळपर्यंत ते आले नाहीत. दिवेलागणीला आले, हातपाय धुतले, आणि विचारलं की ती साडी कुठं आहे, नेसून दाखव. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी घरात झोपले.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. परवा तू इथल्या बूथवर मला फोन केलास आणि म्हणालीस, औरंगाबादला नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागलाय, पण मी नाव घालत नाही, रामला कळवलंही नाही. तिकडं तो तापलेल्या वाळूत खंदकात बसलाय आणि मी इकडं आनंदानं नाचू का, तो आल्यावर बघू. मागं माणसं रांगेत उभी होती, म्हणून मी फोन ठेवला. घरी येऊन आबांना सांगितलं. ते हसायला लागले. म्हणाले, तुझं एकच पत्र माझ्या लक्षात आहे. मी विचारलं कोणतं, तर म्हणे म्हशीचं. मी ते विसरूनही गेले होते. तपासनीस यायच्या दिवशीच द्वारकाबाईंची म्हैस शेडमध्ये घुसली आणि तिनं तयार मच्छरदाणी चघळायला घेतली. साहेब दारात, म्हशीच्या तोंडातून हिरवी जाळी लोंबतेय, आणि सांडूभाऊ हात जोडून म्हणतात, साहेब, माल किती टिकाऊ आहे ते बघतेय ती. नव्यानं लिहायला शिकले होते, त्या उत्साहात मी ते चुकून लिहून गेले आणि नंतर लाज वाटून तसलं पुन्हा कधी लिहिलं नाही. आबा सांगत होते, ते पत्र त्यांनी तंबूत मोठ्यानं वाचलं. माणसं पोट धरून हसली. त्यात सर्जेरावही होते, त्या रात्री ते रसदीच्या गाडीबरोबर तिथं मुक्कामाला होते. पुढं कित्येक दिवस टपाल आलं की सगळे विचारायचे, म्हशीची काय खबर? आणि प्रत्येक वेळी माझ्या पत्रात नुसत्या आटलेल्या विहिरी. आबा म्हणाले, “दुष्काळाचं वाचून मी तिथं काय करणार होतो? पोरीला सांग, त्याला उपाशी ठेवू नको.” तेव्हा योगू, उद्याच्या उद्या गंगापूरहून पहिली जीप धर आणि ट्रेनिंगला नाव घाल. तुझ्या सासूबाईंशी मी बोलते, त्या नाही म्हणायच्या नाहीत. राहायला इथं आपल्या घराची मागची खोली आहेच. आणि आज रात्री रामला पत्र लिही. दुष्काळ दोन ओळींत उरक. बाकीचा सगळा कागद तुझ्या आनंदाला ठेव.

तुझीच,
आई